टेबलावरचं ग्राफ्टिंग मशीन घ्यावं का? माझं मत हातातल्या चाकूच्या बाजूनं



परवा आमच्या गटाची बैठक झाली. विषय एकच होता. गटाच्या खात्यावर जी शिल्लक आहे त्यातून टेबलावर बसवायचं, पायानं चालवायचं ग्राफ्टिंग मशीन घ्यायचं का नाही. तरण्या पोरांचं म्हणणं घ्यायचंच. मोबाईलवर त्यांनी व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक बाई टेबलापुढं बसलीय, डाव्या हातात खुंटाची काडी, उजव्या हातात डोळ्याची काडी, खाली पायानं दाब दिला की खट्, दोन्ही काड्या एकमेकीत बसल्या. एक कलम तयार व्हायला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. बघून मलाही भारी वाटलं, खोटं कशाला सांगू.

मला विचारलं, "आण्णा, तुमचं काय?" मी म्हटलं, दोन दिवस द्या, लिहून सांगतो. बैठकीत बोललं की निम्मं वाऱ्यावर जातं. म्हणून इथं लिहितोय. आमच्या तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांना तर उपयोग होईलच, पण नाशिक, सोलापूरकडं ज्यांच्यापुढं हाच प्रश्न आहे त्यांनीही बघा.

आधी पोरांची बाजू. ती खोटी नाही. गेल्या हंगामात कलम भरायच्या टोळीनं आम्हाला बारा दिवस झुलवलं. आज येतो, उद्या येतो. खुंट तयार, काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या, हवेत दमटपणा चांगला होता. टोळी आली तोवर पाऊस उघडला, कोरडं वारं सुटलं आणि काड्याही शिळ्या झाल्या. ज्याची कलमं आधी भरली त्याची बाग हिरवीगार, आणि आमच्या तिघा-चौघांच्या बागेत दात पडल्यासारख्या गॅपा. त्या रागातून हा मशीनचा विषय निघालाय. राग बरोबर आहे, पण त्यावरचं औषध दुसरं आहे असं माझं मत.

आता हत्यारं कुठली कुठली आहेत ते बघू. नवीन माणसाला गोंधळ होतो.

पहिलं म्हणजे साधा कलमाचा चाकू. खुंट आडवा कापायचा, मधोमध उभी चीर द्यायची, डोळ्याच्या काडीला दोन्ही बाजूनं तिरका काप देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायचं. आपल्याकडं द्राक्षात सगळीकडं हीच पाचर कलम चालते.

दुसरं, हातातली पक्कड. ग्राफ्टिंग टूल म्हणून विकतात. सिकेटरसारखीच दिसते, पण पात्याला ओमेगाचा आकार असतो. किल्लीच्या खाचेसारखा म्हणा. एका काडीला खाच पडते, दुसरीला तसाच उंचवटा, आणि दोन्ही एकमेकीत अडकतात.

तिसरं, टेबलावरचं मशीन. काप तोच ओमेगाचा, पण मशीन टेबलाला बोल्टनं घट्ट बसवलेलं असतं आणि दाब पायाचा. दोन्ही हात काड्या धरायला मोकळे. पातं दरवेळी एकाच रेषेत येतं, त्यामुळं काप सरळ आणि स्वच्छ पडतो. हातातल्या पकडीत मनगट जरा वळलं की काप वाकडा जातो, आणि दिवसाला पाचशे वेळा पक्कड दाबली की संध्याकाळी चहाचा कप धरवत नाही. त्यामुळं पक्कड आणि टेबलावरचं मशीन यात नुसत्या कापाचा विचार केला तर टेबलावरचं सरस आहे. हे मी आधीच मान्य करतो.

मग माझा विरोध कशाला? कारण सरळ आहे. टेबलावरच्या मशीनला दोन्ही काड्या टेबलावर आणाव्या लागतात. आपला खुंट रानात जमिनीत मुळं धरून उभा आहे. तो टेबलावर कसा आणणार? एका पोरानं बैठकीत सांगितलं, मशीन ट्रॉलीवर बसवू आणि ओळीतनं ट्रॅक्टर फिरवू. सगळे हसले, पण त्याच्या डोक्यात ते खरंच होतं. अरे बाबा, झाड पात्यापर्यंत वाकवलं तर बुडातनं मोडंल.

व्हिडिओतली ती बाई रानात काम करत नव्हती, रोपवाटिकेत करत होती. तिकडची पद्धतच वेगळी आहे आणि ती का वेगळी हे समजून घेतलं पाहिजे.

युरोपात 1860 नंतर फिलोक्सेरा नावाची मुळावरची बारीक कीड अमेरिकेतनं आली आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. औषधं झाली, रानं पाण्यात बुडवून झाली, शेवटी उपाय सापडला तो अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाच्या खुंटावर आपली जात बांधायचा. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन या रोपतज्ज्ञानं त्या कामी मोठी मदत केली, फ्रान्स सरकारनं त्याचा सन्मानही केला. आपण जो डॉगरीज खुंट लावतो तोसुद्धा मूळचा टेक्सासचाच, तिथल्या बेल काउंटीतला, मन्सननंच निवडलेला. आपल्याकडं तो आला कीडीसाठी नाही, तर पाण्याची टंचाई आणि खारवट जमिनीसाठी.

तर युरोपात लाखो एकरांवर कलमी रोपं लावायची म्हटल्यावर रानात बसून एकेक कलम भरणं परवडणारं नव्हतं. तिथं थंडीत वेल पूर्ण झोपतो. पानं गळतात, काडीत अन्न साठलेलं असतं. अशा झोपलेल्या काड्या हिवाळ्यात कापून शीतगृहात ठेवायच्या. मग फूटभर लांबीची खुंटाची बिनमुळाची काडी आणि एका डोळ्याची जातीची काडी, दोन्ही टेबलावर आणून जोडायच्या. जोड वितळलेल्या मेणात बुडवायचा. पेट्यांत ओलसर भुसा घालून त्यात रचायच्या आणि साधारण 28 अंश उष्णतेच्या, भरपूर दमट खोलीत सुमारे तीन आठवडे ठेवायच्या. तिथं जोडावर कॅलस येतो, म्हणजे जखम भरून येताना जो पांढरट मऊ थर तयार होतो तो. मग त्या काड्या रोपवाटिकेच्या वाफ्यात. तिथं मुळं धरली, वाढली, आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याला विकली. उत्तर इटलीत राउशेडो नावाच्या गावात अशी सहकारी रोपवाटिका 1930 पासून चालू आहे आणि वर्षाला कोट्यवधी कलमं करते. गावचे शेतकरीच तिचे सभासद. आपल्या सहकारी कारखान्यासारखंच म्हणा, फक्त उसाऐवजी कलमं.

म्हणजे बघा, व्हिडिओत दिसलं ते एक मशीन. त्याच्या मागं शीतगृह आहे, मेणाची कढई आहे, गरम खोली आहे, वाफे आहेत आणि झोपलेली काडी आहे. आपल्या गटाकडं यातलं काय आहे? टेबल आहे.

आणि झोपलेली काडी तर आपल्याकडं मुळातच नाही. आपला वेल बारा महिने जागा. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आपणच त्याला दोनदा उठवतो. त्यात डॉगरीजची काडी मुळं धरायला मुळातच कुरकुर करते. नुसती लावली तरी सगळ्या काड्या धरत नाहीत, हे रोपवाटिकावाल्यांना विचारा. अशा काडीला तू वर जोड पण भर आणि खाली मुळं पण फोड असं सांगायचं. काडीतलं साठवलेलं अन्न तेवढंच, कामं मात्र दोन. म्हणून आपण ते काम दोन टप्प्यांत करतो. जानेवारी-फेब्रुवारीत मुळं धरलेला खुंट रानात लावतो, तो पावसाळ्यात वाढतो, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून पुढं, काडी पेन्सिलीएवढी म्हणजे 8 ते 10 मिलीमीटर झाली की जमिनीपासून फूटभर उंचीवर त्यावर कलम भरतो. त्या वेळी खाली तयार मुळं असतात, ती रस वर ढकलतात. हवेत 30 ते 35 अंश उष्णता आणि 80 टक्क्यांच्या वर दमटपणा असला की आपलं रानच ती गरम खोली होतं. फुकटात. ही पद्धत मागासलेली नाही, आपल्या हवामानाला बसणारी आहे.

आता हातातल्या पकडीबद्दल, कारण गटातले दोघं म्हणाले, टेबलावरचं नको तर निदान दहा पकडी घेऊ. पकडीचा अनुभव माझ्या पदरी आहे, आणि तो महागात पडलेला आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एक पक्कड मागवली. नऊ बाय पाच फुटांवर खुंट लावलेला, एकरी 968 झाडं बसतात त्या हिशोबानं अर्ध्या एकरात दहा ओळी, ओळीला 48 झाडं. एक ओळ चाकूची, एक पकडीची, असं आलटून पालटून भरलं. चाकूच्या पाच ओळी जुन्या कारागिराकडनं, पकडीच्या पाच ओळी मी स्वतः. महिन्याभरानं मोजलं. चाकूच्या 240 झाडांत 9 गॅप. पकडीच्या 240 झाडांत 57 गॅप. मी पक्कड खोपीत फेकून दिली आणि गावभर सांगत सुटलो, पक्कड बेकार आहे.

पण पुढं आमच्या भागातले एक कृषी पदवीधर, माझ्या मुलाच्या वयाचे, बागेत आले. त्यांनी सरळ विचारलं, "काका, चाकू वीस वर्षांच्या हातात आणि पक्कड नवशिक्याच्या हातात. मग हरलं कोण, पक्कड का हात?" मला पटलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या पट्ट्यात मी परत बघितलं. यावेळी दोन ओळी चाकूच्या, दोन पकडीच्या, 96-96 झाडं, आणि चारही ओळी मीच भरल्या. पकडीच्या ओळीत खुंटाची आणि काडीची जाडी मोजून, एकसारखी असेल तरच जोडली. चाकूच्या ओळींत 11 गॅप, पकडीच्या ओळींत 14. फरक जवळजवळ गेलाच. हा माझ्या एका रानातला हिशोब आहे, शिफारस म्हणून धरू नका. पण दोन गोष्टी त्यातनं मला कळल्या.

एक, कलम धरतं ते लाकूड लाकडाला लागलं म्हणून नाही. सालीच्या आत, लाकडाच्या वर एक बारीक हिरवट ओलसर थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकाला भिडले पाहिजेत. चाकूनं पाचर केली आणि काडी खुंटापेक्षा बारीक निघाली, तर कारागीर काय करतो? पाचर मधोमध बसवत नाही, एका कडेला सरकवतो. एका बाजूचा थर तरी पूर्ण लांबीनं भिडतो, आणि तेवढ्यावर कलम जगतं. ओमेगाच्या कापात ही सोय नाही. खाच मधोमधच पडते. काडी बारीक आणि खुंट जाड असला की दोन्ही बाजूचे थर चुकतात. वरनं जोड घट्ट दिसतो, हलवून बघितला तर हलत नाही, आपण खूश. पंधरा दिवसांनी डोळा काळा पडतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या 57 गॅपांतल्या बऱ्याचशा अशाच होत्या. उपटून बघितल्या तेव्हा कळलं.

दोन, पकडीचा वेग हा रानात वेग राहत नाही. काप पडतो खट्कन, पण प्रत्येक खुंटाला जाडी जुळणारी काडी शोधण्यात वेळ जातो. रोपवाटिकेत काड्या आधीच जाडीप्रमाणं निवडून गठ्ठे करतात, दोन्ही गठ्ठे टेबलावर असतात. रानात खुंट जसा वाढला तसा. एक सात मिलीमीटरचा, शेजारचा अकराचा. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पकडीच्या ओळींना चाकूइतकाच वेळ लागला, उलट जरा जास्तच.

तिसरी गोष्ट धारेची. चाकूची धार गेली की दगडावर चार वेळा ओढला, झालं. कारागीर तीस-चाळीस कलमांनंतर दगड हातात घेतोच. ओमेगाचं पातं वळणाचं, ते आपल्या दगडावर बसत नाही. धार गेली की नवीन पातं. ते तालुक्याला मिळत नाही, मागवावं लागतं. तोवर हंगाम निघून जातो, नाहीतर आपण बोथट पात्यानंच रेटतो. बोथट पातं कापत नाही, चेचतं. चेचलेल्या पेशी जोड धरत नाहीत, कुजतात. टेबलावरच्या मशीनलाही हे चुकत नाही.

चौथी गोष्ट सांगायला जरा अवघड, पण चाकूवाल्यांना पटेल. चाकूनं चीर देताना हाताला कळतं. लाकूड पक्व आहे का कोवळं, आत भेंड किती आहे, चीर सरळ जातेय का फाटतेय, हे बोटाला समजतं आणि माणूस तिथंच सुधारतो. काडी कोवळी लागली तर टाकून दुसरी घेतो. मशीन सगळ्या काड्यांना एकसारखाच खट् करतं, चांगल्याला आणि वाईटाला.

आता चाकूची काळी बाजूही सांगतो, नाहीतर मत एकांगी होईल. माझ्या डाव्या अंगठ्यावर दोन टाक्यांची खूण आहे. चाकू निसटला की अंगठाच सापडतो. पकडीत आणि टेबलावरच्या मशीनमध्ये शिकाऊ माणसाचं बोट चाकूपेक्षा सुरक्षित. टेबलावरच्या मशीनखाली बोट आलं तर मात्र ते जायचं, म्हणून तिथंही बेफिकिरी नको. चाकूवाल्यांनी अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचं टोपण नाहीतर जाड चिकटपट्टी लावल्याशिवाय चीर देऊ नये. हे सांगून कोणी ऐकत नाही, टाके पडल्यावर ऐकतं.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट. आपल्याकडं चाकू पुरुषाच्या हातात, आणि पट्टी बांधायला, काड्या द्यायला, पाणी मारायला बाया. चाकूवाल्याला नगावर पैसे, बाईला रोजाची हजेरी. कोणी ठरवून केलं नाही, पण चालत आलंय. माझी सून दोन वर्षं पट्टी बांधायची. पक्कड खोपीत पडली होती ती तिनंच काढली आणि बांधावरच्या जुन्या काड्यांवर खट् खट् करून बघायला लागली. दुसऱ्या वर्षी मी जे भरलं त्यात काड्यांची जाडी निवडून देण्याचं काम तिचं होतं. जाडी कळायला लागली, थर कुठं भिडतो ते कळायला लागलं, मग म्हणाली, मामा, चाकू द्या की. गेल्या हंगामात टोळीनं झुलवलं त्या बारा दिवसांत तिनं आमच्या मागच्या पट्ट्यात दोन ओळी भरल्या. त्या दोन ओळी आज मांडवाला टेकल्यात. टोळीची वाट बघत थांबलेल्या ओळींत अजून काठ्या उभ्या आहेत.

माझं सगळं मत या दोन ओळींत आहे. आपली अडचण हत्याराची नव्हती. आपली अडचण ही होती की गावात ऐंशी एकर नवी लागण, आणि चाकू चालवणारा एकही माणूस गावचा नाही. सगळे बाहेरच्या टोळीवर अवलंबून. टेबलावरचं मशीन आणलं तरी रानातला खुंट चाकूचीच वाट बघणार, आणि चाकू टोळीच्याच खिशात राहणार.

म्हणून गटाला माझं सांगणं असं.

टेबलावरचं मशीन घ्यायचंच असेल तर आधी ठरवा की आपल्याला रोपवाटिका काढायचीय का. तयार कलमी रोपाला गिऱ्हाईक आहे, हे मी नाकारत नाही. तयार रोप लावलं की रानातल्या गॅपांची कटकट कमी होते. पण तो वेगळा धंदा आहे. त्याला निरोगी मातृवेलांची बाग लागते, दमटपणा आणि उष्णता सांभाळणारी खोली किंवा शेडनेट लागतं, पिशव्या लागतात, रोज लक्ष देणारा माणूस लागतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन आधी तिथल्या शास्त्रज्ञांशी बोला, आपल्या खुंटाला टेबलावरचं कलम किती मानवतं ते विचारा, पन्नास-शंभर काड्यांवर स्वतः करून बघा. मग मशीनचं बघू. बैल घ्यायच्या आधी गोठा बघतात.

पकडी घ्यायच्या तर दोन घ्या, दहा नको. शिकणाऱ्याला जाडी जुळवायची सवय लावायला पक्कड चांगली. सोबत एक साधी भोकांची पट्टी करून घ्या, 7, 8, 9, 10 मिलीमीटरची भोकं, काडी घालून बघितली की लगेच कळतं. ती पट्टी चाकूवाल्यालाही उपयोगी आहे.

उरलेल्या पैशातून सहा चांगले चाकू, सहा धारेचे दगड, अंगठ्याची टोपणं, आणि एका जुन्या कारागिराला चार दिवसांची मजुरी देऊन गावात शिकवायला बोलवा. सहाजण शिकवा, त्यात निदान तीन बाया असू देत, आणि जो कलम भरेल त्याला नगाचाच दर द्या, बाई असो वा गडी. हंगामात सहाजणांनी दिवसाला प्रत्येकी दोनशे जरी भरली तरी दिवसाला बाराशे होतात, म्हणजे आपल्या अंतरानं एका झाडाला एक धरली तर एक एकर उरकून वर उरतात. दोन धरली तरी दोन दिवसांत एकर उरकतो. वारं बदलायच्या आत.

आणि हत्यार कुठलंही असो, तीन गोष्टी चुकवू नका. काडी रोगट किंवा कमजोर वेलाची घेऊ नका. हंगामातच चांगले वेल रंग लावून ठेवा, कारण बरेच विषाणू पात्यातनं नाही, काडीतनं येतात. झाडागणिक नाही तरी ओळीगणिक पातं स्पिरिटनं पुसा, गाठीच्या रोगाचे जिवाणू पात्यावरनं फिरतात. आणि कलम भरल्यावर खुंटाच्या बुडातनं येणारी फूट काढत राहा. खुंट आपलंच पोर आधी जेवू घालतो, वर बांधलेल्या पाहुण्याला नंतर.

पोरांनो, मशीनला नाही म्हणतोय म्हणून आण्णा जुन्या डोक्याचा असं म्हणू नका. ब्लोअर आला तेव्हा आपल्या गावात दुसरा मीच घेतला होता. जे यंत्र रानात काम करतं ते मला पाहिजेच आहे. हे यंत्र रानातलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मागच्या पट्ट्यात गेल्या वर्षीच्या गॅपा भरायच्यात. ज्याला शिकायचंय त्यानं सकाळी सात वाजता यावं. चाकू आणि दगड स्वतःचा आणा. काड्या माझ्या, चहा पण माझा. पहिले दोन दिवस सून दाखवंल, तिचा हात माझ्यापेक्षा आता बरा आहे.